मूठभर हिरडा

माणूस वयात कधी येतो याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझ्या आईच्या मते तिच्या मुलाचा तो दिवस अजून यायचा होता, आणि हे मत ती दारात येणाऱ्या कुणालाही ऐकवत असे. माझ्या मते मी बेचाळिसाव्या वर्षी, एका चैत्रात, गुरुवारी सकाळी वयात आलो. तोवर मला नोकरी लागून जुनी झाली होती, लग्न झालं होतं, डोक्यावरचे निम्मे केस गेले होते, मुलगी शिकायला मावशीकडे पुण्यात राहत होती आणि एका साप्ताहिकात माझं नाव दर आठवड्याला छापून येत होतं. या सगळ्याला लोक मोठं होणं म्हणतात. म्हणून वाढत्या वयाच्या या आठवणी शाळेच्या दिवसांवरून उडी मारून एकदम इथे येत आहेत. मधल्या वर्षांत माझी फक्त कंबर वाढली, आणि तिच्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आम्ही शिनोलीत रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत राहत होतो: आई, माझी बायको शांता आणि मी. भीमाशंकरला जाणारी गाडी दारावरून गेली की वरचे पत्रे थरथरत आणि फळीवरचे डबे एकमेकांना लागून किणकिणत. आईचा खलबत्ता सकाळपासून सुरू असे. लसूण, मिरची, शेंगदाणे, जे हाताला लागेल ते ती कुटायची, आणि कुटताना बोलायची, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य ठोक्यावर संपायचं. मी घोडेगावच्या एका हायस्कुलात क्लार्क होतो. दाखले लिहायचे, सही-शिक्का घ्यायचा, दुपारी डबा खाऊन खुर्चीत जरा डोळे मिटायचे. शांता नर्स होती. डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन लहान मुलांना लशी टोचायच्या, बाळंतिणींना तपासायचं, हे तिचं काम. तिच्याकडे लशींचा एक निळा डबा होता. आत बर्फाच्या पिशव्या, वर घट्ट झाकण, दोन्ही बाजूंना खटके. दवाखान्यातून भरून आणलेला तो डबा खांद्याला लावून ती निघायची. बर्फ वितळायच्या आत वाडी गाठायची, म्हणून तिची चाल घाईची. त्या खटक्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तो ऐकला की मी कूस बदलून पुन्हा झोपत असे.

संध्याकाळी ती परत आली की आई गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवायची. शांता त्यात मूठभर मीठ टाकायची आणि पाय सोडून बसायची. भाकऱ्या थापल्या जात असत, चुलीतला धूर डोळ्यांत जात असे आणि शांता बोलत असे. अमक्या ओढ्याला अजून पाणी आहे. तमक्या वळणावर उंबर आहे, त्याखाली बसलं की खालच्या धरणाचं सगळं पाणी दिसतं. ह्या वाडीत वीस मिनिटांत पोचता येतं, त्या वाडीला मात्र दोन टेकाडं. थकलेल्या माणसाच्या त्या गप्पा होत्या. मी बाजरीची भाकरी चटणीला लावत ऐकत असे आणि मनात टिपून ठेवत असे.

मी स्वतः चालत नव्हतो. त्याला मी एक कारण तयार ठेवलं होतं, आणि ते इतकं भारी होतं की पुढे कुणी काही बोलत नसे. माझे वडील तरुणपणी गावकीच्या कामापायी दहा गावांना सांगावे पोचवत. सरकारी निरोप असो नाहीतर कुणाच्या मयताची बातमी, उन्हापावसात पायी. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि सांगावे नेताना हातात असायची ती काठी त्यांनी चुलीत घातली. म्हणाले, "आता हुकमावर चालायचं न्हाई." पुढे ते गवंड्याच्या हाताखाली राबले, पण दुसऱ्याच्या निरोपासाठी पाऊल उचललं नाही. मी हे चारचौघांत सांगायचो आणि वर म्हणायचो, "आमच्या घराण्याचं चालून झालंय." आई एकदा खलबत्ता थांबवून म्हणाली, "तुजा बाप हुकमाचं चालायचं सोडून बसला. तुला तर जेवल्याव हात धुवायला उठायचा जीव जातोय. त्येच्या नावाव आपला आळस नको खपवू." खलबत्ता पुन्हा सुरू झाला. मी कारण बदललं नाही.

लेखनाचं असं झालं. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं आमच्याकडे फिरायला येऊ लागली होती. गड चढणारे वेगळे. ते दोर, टोप्या घेऊन येत आणि कुणाला काही विचारत नसत. ही दुसरी माणसं. लेकुरवाळी, गुडघे धरलेली, डब्यात पुऱ्या घेऊन येणारी. त्यांना सोपी वाट हवी असे. शाळेतल्या एका शिक्षकाचा मेहुणा पुण्यातल्या एका साप्ताहिकात होता. त्याला मी गमतीने एक लेख पाठवला. धरणाच्या काठाकाठाने निघून उंबराच्या वळणापर्यंत जाणारी वाट, शांताच्या तोंडून ऐकलेली. त्याला मी नाव दिलं 'आमच्या तालुक्याची चौपाटी'. समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, पण पाणी दिसलं की पुणेकर खूश होतो हे मला ठाऊक होतं. लेख छापून आला, लोकांची पत्रं आली, आणि 'चला, सहज फिरू' नावाचं सदर सुरू झालं. पहिला अंक आला त्या दिवशी आईने मासवडी केली. तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वड्या कापता कापता ती म्हणाली, "आपल्या घरात छापलेलं पहिलं नाव." तिचे डोळे भरले होते. शांताने अंक हातात घेऊन पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "उंबर डाव्या हाताला आहे." बस्स. तिचं नाव त्यात नव्हतं. पुढे लेखांची पुस्तिका निघाली तेव्हा शेवटच्या पानावर मी 'घरच्यांचे सहकार्य लाभले' एवढं घातलं आणि आपण फार उदार झालो असं वाटून घेतलं.

चार वर्षं हे चाललं. शांता चालायची, मी लिहायचो. मी मैलांचे तास करायचो, तासांची मिनिटं करायचो, जिथे ती 'बरा चढ आहे' म्हणाली तिथे 'किंचित चढ' लिहायचो, कारण वाचकाला किंचितच हवा असतो. कोरडा ओढा माझ्या लेखात खळखळायचा. खरं तर दर आठवड्याला मला एक सजावट लागायची, आणि सजावटीपायीच मी घसरलो.

आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला कोवळा हिरडा काढायचा, कातळावर पसरून वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा. भातावर पोट भरतं, बाकी मीठ-मिरचीपासून पोरांच्या वह्यांपर्यंत सगळं हिरड्यावर. वरच्या वाडीची वाट अशा एका मोठ्या कातळावरून जायची. एका संध्याकाळी शांताने पदराची गाठ सोडून मूठभर वाळका हिरडा आईपुढे ठेवला. म्हणाली, "ठकाआजीने दिला. तुमच्या खोकल्याला." वाडीतल्या नातवंडांना लस टोचणाऱ्या बाईला एका म्हातारीने प्रेमाने दिलेली ती वस्तू. मी काय लिहिलं? आज ती ओळ जशीच्या तशी लिहितो, कारण त्यासाठीच हे प्रकरण आहे: 'कातळावर वाळत घातलेल्या हिरड्यातून वाटसरूने मूठभर उचलावा, असा इथल्या भोळ्याभाबड्या माणसांचा जुना रिवाज आहे.' रिवाज मीच काढला, जुना मीच केला, आणि माणसांना भोळंभाबडंही मीच ठरवलं. सगळं एका वाक्यात, चहा निवायच्या आत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शांता लवकर निघू लागली. वरच्या वाडीचा वार असला की अंधारातच खटके वाजायचे. भाकरी झाकून ठेवलेली असे, मी उठेपर्यंत ती गार होई. दोन-चारदा मी तक्रार केली. म्हणालो, "एवढ्या पहाटे काय काम असतं? वीस मिनिटांची तर वाट." ती चपलेचा पट्टा लावत होती. मान वर न करता म्हणाली, "हल्ली जरा वळसा पडतो." का पडतो, हे मी विचारलं नाही. त्या आठवड्याचा माझा लेख 'पहाटेच्या चालण्याचे फायदे' हा होता.

मग साप्ताहिकाच्या डोक्यात आलं की वाचकांना लेखकासोबत एक रविवार फिरवायचं. शाळेत फोन आला. मी हो म्हणालो. कौतुकाला नाही म्हणायची सवय माझ्या जिभेला नव्हती. वाट त्यांनीच निवडली, वरच्या वाडीची. हिरड्याचा लेख लोकांना फार आवडला होता. मी घोडेगावातून कॅनव्हासचे बूट घेतले, एक शिट्टी घेतली, एक टोपी घेतली. आई म्हणाली, "वरात निगाली जनू." शांता धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "वरच्या वाडीला नका नेऊ. धरणाकाठाने न्या, तिकडे सावली आहे." मी म्हणालो, "छापून गेलंय आता." तिच्या हातातल्या ओल्या चादरीतून पाणी ठिबकत होतं. "मग तुम्हीच जा," ती म्हणाली, "आणि आजींशी नीट बोला." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांशी आदराने बोला असं म्हणतेय. तेवढं मला कळतं, असं मी तिला सुनावलंही.

रविवारी एक छोटी बस भरून माणसं उतरली. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी माझा लेख कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, गळ्यात अडकवून आणला होता. प्रत्येक वळणावर ते थांबायचे आणि मोठ्याने वाचायचे. स्वतःची वाक्यं चढावर, धाप लागलेली असताना, दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखी शिक्षा नाही. "इथे किंचित चढ आहे," ते वाचायचे, आणि मी गुडघ्यावर हात ठेवून उभा असायचो. "उजवीकडे एक झरा खळखळत असतो. कुठंय हो झरा?"

"चैत्रात आटतो," मी म्हणालो.

"तसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"उन्हाळी सुट्टीवर असेल," मागून एक शिक्षिका म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो. मग मी शिट्टी वाजवली, का ते आठवत नाही. बहुधा आपण पुढारी आहोत हे मलाच आठवावं म्हणून. वीस मिनिटांची वाट तासाभराने संपत आली तेव्हा सर्वांत मागे मी होतो. बूट नवे होते, टाचा सोललेल्या होत्या, टोपी घामाने भिजून कानावर आली होती. आणि पुढचे लोक थांबले होते.

वाट बंद होती. कातळावर चढायच्या तोंडाशी करवंदीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या, छातीइतक्या उंच, आणि वर दगड ठेवले होते. आमच्या मुलखात अशा काट्या म्हणजे बोललेला शब्द. त्या ओलांडायच्या नसतात. पलीकडे कातळावर हिरडा पसरला होता आणि त्याच्या मधोमध एक म्हातारी काठी मांडीवर घेऊन बसली होती.

"थांबा तितंच!" ती ओरडली. "कोन हायेत रं? पुन्यावाले ना? जावा माघारी. वाट बंद हाये."

बँकवाल्यांनी अदबीने पुठ्ठा उंच धरला. "आजी, इथे तर लिहिलंय..."

"आन् कागूद बी आनलाय ह्येनं!" ती उठली आणि काठी टेकत जवळ आली. "दर आयतवारी येत्यात. मूठ मूठ उचलत्यात आन् खिशात घालत्यात. इचारलं तं कागूद दावत्यात. म्हनं, जुना रिवाज हाये. कुनाचा रिवाज? ह्येंच्या बापाचा? आमी झाडाव चढून हातपाय मोडून घ्यायचं, उनात वाळवायचा, आन् ह्येंनी घरी न्यायचा. कशाला? तं वास घ्यायला! एका आयतवारात एक पाटी गेली व्हती माजी. कोन त्यो लिवनारा? गावू दे मला. ह्या काट्याव बशिवते त्येला."

पंचवीस माणसं हळूच माझ्याकडे वळली. माझी टोपी अजून कानावर होती.

यानंतर मी जे बोललो ते गेली तीस वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही. साधं होतं सगळं. 'आजी, मी लिहिलं, चुकलो,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आजी, मी नुसता लिहिणारा. मला जसं सांगितलं तसं मी लिहिलं."

"कुनी सांगितलं?"

"तुमच्याकडे येतात त्या नर्सबाईंनी."

चार वर्षं नाव माझं होतं. दोष समोर आला, आणि एका दमात तो शांताचा झाला. इतक्या चपळाईने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

म्हातारीने काठी खाली टेकवली. मला वाटलं, सुटलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "शांताबाईनं? ती असं सांगायची न्हाई. तिला मी सोता दिला व्हता, तिच्या सासूच्या खोकल्याला. काट्या टाकल्या तवा आमी म्हनलं, बाई, तू आली का आमी बाजूला करू. ती म्हनली, नको आजी. ज्येनं लिवलं त्येला मी वळखते. त्यो हितं येऊन चूक कबूल करंल, तवाच वाट उगडा. तवर मी खिंडीकडनं येते. तिकडनं एक तास जास्ती लागतोय. त्यो बरफाचा डबा घिऊन. दोन उनाळं झालं, पर त्यो काय आला न्हाई." तिने मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं. "आन् तू तिचा कोन?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

आणि घाईने मागे सरलो, तर मनगट करवंदीत अडकलं. बँकवाल्यांनी गळ्यातला पुठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "हे तुमच्याकडेच असू द्या." उतरताना तो पुठ्ठा मी पूर्ण वाटभर धरून होतो. फेकावा तर मागे माणसं होती.

घरी आलो. शांताने विचारलं, "वाडीपर्यंत गेलात?" मी म्हणालो, "नाही, उन्हामुळे अलीकडूनच फिरलो." माझ्या मनगटात करवंदीचा काटा मोडला होता. ती सेफ्टीपिन घेऊन आली, माझा हात उजेडात धरला आणि काटा काढला. धरणाकाठी करवंदीची जाळी नाही, आमच्या अलीकडच्या वाटेवरही नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आईने पुढे सरकवलेल्या घमेल्यात त्या रात्री मी पाय घातले. पाणी शांतासाठी तापवलेलं होतं.

तिचा वरच्या वाडीचा वार गुरुवार. मधल्या तीन दिवसांत मी सगळं कबूल करायचं ठरवलं, मग ते रद्द केलं, मग पुन्हा ठरवलं. बुधवारी तर बदलीचा अर्ज लिहायला घेतला होता. गुरुवारी अंधारात खटके वाजले. मी कूस बदलली, आणि का कोण जाणे, उठून बसलो. म्हणालो, "डबा मी घेतो." शांताने कंदिलाची वात मोठी करून माझा चेहरा पाहिला. वीज होती, पण त्या वेळी नव्हती. आतून आई म्हणाली, "ताप आलाय का बघ गं त्येला."

तो डबा पहिल्या टेकाडापर्यंत हलका असतो. तिथून पुढे त्याचा पट्टा खांद्याचं मांस शोधू लागतो, आणि बर्फाचं पाणी आत हलतं तेव्हा चालणाऱ्याचा तोल त्याच्याबरोबर हलतो. हे चार वर्षांच्या एकाही लेखात नाही. शांता पुढे चालत होती. मध्येच हात करून दाखवायची: उंबर, डाव्या हाताला. फाट्यावर ती सवयीने खिंडीकडे वळली. मी म्हणालो, "इकडून." ती थांबली. मी कातळाची वाट धरली. मागे तिची पावलं ऐकू यायला जरा वेळ लागला, पण आली.

ठकाआजी हिरडा उलथत होती. आम्हाला पाहून तिने काठी टेकली. "या, वळखीचं पावणं," ती म्हणाली.

"कसले ओळखीचे, आजी?" शांताने विचारलं.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. डब्यातलं पाणी तेवढं वाजत होतं. "काय न्हाई," ती शेवटी म्हणाली. "तोंडवळा वळखीचा वाटला."

मी काट्यांच्या अलीकडे उभा राहून बोललो. म्हणालो की तो कागद मी लिहिला, रिवाज खोटा होता, माझ्या मनाचा होता, मी शांताचा नवरा आहे आणि माझी चूक झाली. रविवारी तिच्या नावावर काय ढकललं होतं, तेवढं मात्र मी गाळलं. गाळायची मला लेखक म्हणून सवय होती.

"मंग इतके दिस का न्हाई आलास?"

"लाज वाटली, आजी."

"लाज न्हवं. भ्या वाटलं. लाज वाटली असती तं कवाच आला असतास." तिने काठीने फांद्यांकडे दाखवलं. "काढ. हातानं काढ. कोयता न्हाई मिळायचा."

करवंदीचा काटा दुहेरी असतो. एक सोडवावा तर दुसरा धरतो. मी एकेक फांदी ओढून बाजूला टाकत होतो, आणि वाडीतली माणसं जमून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "क्लार्क हायेत, सावकाश चालनार." पोटभर हसून झाल्यावर एका बाईने मला तांब्याभर पाणी दिलं. शांता मध्येच हात लावायला पुढे झाली, तर म्हातारीने तिला काठी आडवी घातली. वाट मोकळी झाली तेव्हा माझे दोन्ही हात रक्ताने रेघारेघांचे झाले होते. शांताने आपल्या पिशवीतून लाल औषध काढून त्यावर लावलं. लशी टोचून होईपर्यंत मला कातळावर हिरडा उलथत बसवलं गेलं, आणि दुपारी नाचणीची भाकरी मिळाली. निघताना ठकाआजीने मूठभर हिरडा शांताच्या पदरात घातला. मी ओंजळ पुढे केली होती. तिने ती पाहिली आणि म्हणाली, "तुला न्हाई. तुला लागला तं हिच्याकडनं मागून घे."

सदर मी पुढच्याच आठवड्यात बंद केलं. कारण छापलं 'प्रकृतीच्या कारणास्तव'. तिथेही खरं लिहिलं नाही. पुस्तिका मात्र फिरत राहिली. आता तर ती तुकड्यातुकड्याने मोबाइलवर येते. गेल्याच महिन्यात कुणा अनोळखी माणसाने मला माझाच तो मूठभर हिरड्याचा उतारा पाठवला, खाली हात जोडलेली चित्रं. म्हणून हे लिहायला घेतलं. त्या सगळ्या वाटा शांताच्या आहेत. तिच्या पायांनी मोजलेल्या, तिच्या डब्याच्या घाईने मोजलेल्या. मिनिटं माझी आहेत, म्हणून ती चुकीची आहेत. ठकाआजी पुढे बरीच वर्षं जगली. माझ्या रविवारच्या बोलण्यातला एक शब्दही तिने शांताला सांगितला नाही. वाडीवर गेलो की फक्त "या, वळखीचं पावणं" म्हणायची आणि माझं तोंड बघायची. ते मी कधी सांगतो, याची ती वाट पाहत असावी. मला तीस वर्षं लागली.

काल संध्याकाळी हे प्रकरण मी शांताला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर लागत नाही आणि गुडघे तर त्या खिंडीतच राहिले. ती वाल सोलत बसली होती. 'तुमच्याकडे येतात त्या नर्सबाईंनी' इथे तिचे हात थांबले. 'ओळखीचा' हा शब्द मी जरा घाईने वाचला, तर म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचला. मग ती पुन्हा वाल सोलू लागली, आणि मी शेवटपर्यंत वाचत गेलो. टरफलं सुपात पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

संपलं तेव्हा मला खोकल्याची उबळ आली. कितीतरी वेळ थांबेना.

"वरच्या वाडीला वीस मिनिटं लिहिलंय," ती म्हणाली. "वीस माझी. तीही तेव्हाची. लोकांसाठी तासभर लिहा, पुन्हा कुणी फसायला नको."

मी लेखणीने दुरुस्ती केली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, फळीवरची बरणी काढली, एक हिरडा घेतला आणि मूठ बंद करून माझ्यासमोर उभी राहिली. मी हात पुढे केला. मूठ उघडली नाही.

"मागा," ती म्हणाली.

मी मागितला.